धूमकेतूची शेपटी बघायची तर आधी मावळलेला सूर्य शोधा

पश्चिमेला धूमकेतू आलाय असं कळलं की लोक गच्चीवर जातात, एक पुसट ठिपका बघतात आणि ‘शेपटी कुठाय?’ म्हणत खाली येतात. शेपटी असते, पण ती कुठल्या दिशेला शोधायची हे माहीत नसतं. धूमकेतू कुठल्या दिशेला चाललाय यावरून ती सापडत नाही, कारण गुऱ्हाळाचा धूर जसा वारा नेईल तिकडे जातो तशी शेपटी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला जाते. सूर्याला वळसा घालून परत निघालेला धूमकेतू तर शेपटी पुढं करूनच प्रवास करतो.

हे असं का होतं ते थोडं नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी ओळख त्यावरच आहे. धूमकेतूचं केंद्रक म्हणजे पाण्याचा बर्फ, गोठलेला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि धूळ यांचा काही किलोमीटरचा गोळा. हॅलीच्या धूमकेतूचं केंद्रक सुमारे १५ किलोमीटर लांब आहे. सूर्यापासून साधारण ४५ कोटी किलोमीटरच्या आत आल्यावर पाण्याचा बर्फ जोरात उडू लागतो. तो वितळत नाही, निर्वातात त्याची थेट वाफ होते. ही वाफ धूळही सोबत घेऊन निघते. केंद्रकाचं गुरुत्व इतकं क्षीण असतं की बहुतेक माल परत खाली पडत नाही, आणि भोवती लाखभर किलोमीटरचं धूसर डोकं तयार होतं.

इथून वाटा दोन होतात. धुळीचे बारीक कण सूर्यप्रकाशाच्या दाबानं बाहेर ढकलले जातात, हळूहळू मागं पडतात आणि पिवळसर पांढरी, बाकदार, रुंद शेपटी बनते. वायूच्या रेणूंमधून अतिनील किरण इलेक्ट्रॉन काढून घेतात. मग सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं येणारा सौरवारा, म्हणजे सूर्यातून निघालेला भारित कणांचा झोत, आपल्या चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर हे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले रेणू) ओढून नेतो. ती शेपटी निळसर, अरुंद आणि जवळजवळ सरळ. सूर्यातून असे कण सतत बाहेर पडत असले पाहिजेत, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या शेपट्यांवरूनच मांडलं. तेव्हा एकही यान अवकाशात गेलेलं नव्हतं. फोटोत डोकं हिरवं दिसतं ते दोन अणूंच्या कार्बन रेणूमुळं. हा रेणू उन्हात लवकर तुटतो, म्हणून शेपटी हिरवी नसते.

आता बेळगाव भागातल्या जागा. संध्याकाळच्या धूमकेतूला पश्चिम क्षितिज मोकळं लागतं. येळ्ळूरचा राजहंसगड यासाठी चांगला, कारण बेळगावचा उजेड उत्तरेला राहतो. रात्री थांबता येतं का ते आधी विचारून घ्या. जांबोटी-कणकुंबीकडे अंधार उत्तम, पण झाडी आणि डोंगर खालचं आकाश खातात, त्यामुळं मोकळा माळ शोधावा लागतो. निपाणी-चिकोडी भागात शेतं उघडी आहेत, मात्र महामार्गाचे दिवे पाठीशी ठेवा. गळीत हंगामात कुणी पाचट पेटवलं असेल तर क्षितिजालगतचं आकाश त्या दिवशी गेलंच समजा. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको: २०२० चा निओवाइज धूमकेतू जुलैच्या मध्यात संध्याकाळी दिसू लागला तेव्हा इकडं ढग होते. हॅली पुन्हा सूर्याजवळ येईल तोही जुलै २०६१ मध्ये. त्या वेळी पूर्वेकडं सौंदत्ती-रामदुर्गच्या कोरड्या पट्ट्यात जाणं शहाणपणाचं.

सूर्य नेमका कुठं मावळला ती खूण लक्षात ठेवा, एखादं झाड किंवा टेकडीचं टोक. बेळगाव सुमारे १६ अंश अक्षांशावर असल्यानं सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ, पण किंचित उजवीकडं सरकत जातो. तासाभरानं तो खुणेपासून साधारण १४ अंश खाली आणि ४ अंश उजवीकडं असतो. हात ताठ धरल्यावर मूठ म्हणजे १० अंश, मधली तीन बोटं म्हणजे ५. क्षितिजाखालच्या सूर्याच्या त्या जागेपासून धूमकेतूच्या डोक्यातून वर रेघ ओढा. वायूची शेपटी त्याच रेघेवर शोधायची. धुळीची त्या रेघेपासून एका बाजूला वळते, धूमकेतू ज्या बाजूनं आला तिकडं. पहाटेच्या धूमकेतूला खूण उगवतीची घ्या आणि सूर्य खुणेच्या डावीकडं खाली धरा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात. मधे मोबाइल बघितला की घड्याळ पुन्हा शून्यावर. ७×५० किंवा १०×५० ची दुर्बीण पुरे. मोठी वर्धनशक्ती घेऊ नका, शेपटी पसरट असते आणि ती आणखी पातळ दिसते. थेट न बघता जरा बाजूला बघा. काही मिनिटांत सरकणारी किंवा विरणारी रेघ दिसली तर ती विमानाची.

कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचं भिंग, एफ २.८, आयएसओ १६०० आणि ट्रायपॉड. ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतरानं (इथं ५०) भागलं की सेकंद मिळतात: १०. लहान सेन्सरवर अंतर दीडपट धरा, म्हणजे ६. याहून लांब ठेवलं तर तारे रेघा होतात. फोकस ठळक ताऱ्यावर हातानं करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) १५-२० फोटो काढा आणि डीपस्कायस्टॅकर या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या धूमकेतू पद्धतीत एकत्र करा. निळी शेपटी बहुधा इथंच पहिल्यांदा दिसते. मोबाइलचं आपोआप होणारं ‘स्वच्छ’ करणं तिलाच पहिलं पुसतं.

चंद्र मात्र कुणाच्या हातात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी छान दिसत होता, आणि १६ तारखेला कोजागरी. याच धूमकेतूला १४ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्याकडं वळलेली एक बारीक उलटी शेपटीही दिसली. नियम मोडला असं समजू नका. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून जाते तेव्हा मागं राहिलेली जाड धूळ कडेनं दिसते आणि ती सूर्याच्या बाजूला असल्याचा भास होतो.

शेपटीची लांबी काढायची असेल तर मुठीनं कोन मोजा आणि त्याच्या टॅनला (त्रिकोणमितीतला, कॅल्क्युलेटरवर मिळतो) धूमकेतूच्या पृथ्वीपासूनच्या अंतरानं गुणा. १२ ऑक्टोबर २०२४ ला हा धूमकेतू सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. शेपटी १० अंश भरली तर ०.१७६ गुणिले ७ कोटी, म्हणजे सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. शेपटी पलीकडं झुकलेली असेल तर खरी लांबी याहून जास्त निघेल.