वायरलेसमध्ये संशोधन करायचंय? या चुका टाळा

दरवर्षी नवी मुलं येतात. हुशार असतात, मॅटलॅब येतं, पायथन येतं. चुका मात्र त्याच. म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका जागी एक रीडिंग घेऊन पुढे जाणं. लालबागच्या एका चाळीत आम्ही २.४ गिगाहर्ट्झवर भिंतीतून सिग्नल किती डीबी (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) पडतो ते मोजत होतो. एका विद्यार्थ्याने दोन दिवसांत वीस खोल्या उरकल्या आणि पेपरचा मसुदाही लिहिला: 'भिंतीत १८ डीबी जातात.' मला पटेना. त्याला घेऊन पुन्हा त्याच खोलीत गेलो. अँटेनाचा ट्रायपॉड होता तिथे उणे ७६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबीत मोजलेली ताकद). चार बोटं सरकवला, उणे ६४! भिंत तीच, खोली तीच.

लाटा भिंतीवरून, छतावरून, लोखंडी कपाटावरून आपटून येतात. कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे पाच-सहा सेंटिमीटरवर चित्र पालटतं. त्या पोराने भिंत मोजलीच नव्हती, फेडिंगचा, म्हणजे लाटांनी एकमेकींना मारल्याचा, एक खड्डा मोजला होता.

जुना नियम आहे: ४० तरंगलांबींच्या पट्ट्यात निदान ३६ रीडिंग घ्या आणि सरासरी काढा. इथे तो पट्टा ५ मीटरचा होतो. चाळीच्या खोलीत तेवढी सरळ जागा कुठून आणायची? मी जमिनीवर खडूने चौकटी आखतो आणि एकेका चौकटीत ट्रायपॉड ठेवत जातो. तेही रात्री अकरानंतर, कारण गॅलरीतून माणूस गेला तरी आकडा हलतो. दोन दिवसांचं काम तीन आठवडे चाललं. भिंतीचा आकडा सात डीबीच्या आसपास आला. ज्याला तीन आठवडे जड वाटतात, त्याने या क्षेत्रात येण्याआधी नीट विचार करावा.

दुसरी चूक, थेट सिम्युलेशन उघडायचं आणि त्यावर मशीन लर्निंग चढवायचं. मी आधी कागदावर लिंक बजेट मांडतो, म्हणजे पाठवलेल्या ताकदीतून वाटेत किती जाते आणि किती पोचते याचा हिशोब. मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्झला १०० मीटरवर साधारण ८० डीबी जातात. हे हाताने काढता येत नसेल तर सिम्युलेशन चुकलंय हे कळणार कसं?

डीबीएम सरळ बेरजेत घालू नका. स्वतंत्र स्रोतांचे २० आणि २० मिळून २३ होतात, ४० नाही.

थ्रीजीपीपीची, म्हणजे मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, स्पेसिफिकेशन्स फुकट मिळतात. ब्लॉग वाचण्याआधी ती वाचा.

स्पेक्ट्रम ॲनालायझरला (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे ते दाखवणारं यंत्र) ट्रान्समीटर जोडताना मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा तुकडा, लावा. इनपुट जळालं की दुरुस्तीला महिने जातात आणि तोवर अख्खी लॅब थांबते.

आणि एसएमए कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा छोटा जोड) लावताना केबल धरून पिळू नका. केबल स्थिर ठेवा, फक्त नट फिरवा, शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना. पक्कड लॅबमध्ये आणूच नका.