झाडाला गुंडाळू नका, झाडावर मांडव घाला

आमचं घर निफाड तालुक्यात, कादवेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडचा पारा २ अंशांच्याही खाली गेला. त्या पहाटे माझी भिंतभर चढलेली नागवेल काळी पडली, पपईची पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबायला लागली. आणि ज्या तुळशीला मी रात्री आठवणीने प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता, तिची कागदाला टेकलेली पानंच नेमकी करपली. अंगणात उभ्या उभ्या रडू आलं मला.

तेव्हा एक गोष्ट कळली. आपण स्वेटर घालतो कारण आपल्या अंगात ऊब असते. झाडाला तशी ऊब नसते, ती असते जमिनीत. दिवसभर ऊन खाऊन जमीन तापते आणि रात्री ती ऊब मोकळ्या आभाळाकडे निघून जाते. ती जाताना अडवायची, एवढंच आपलं काम. म्हणून झाडाला गाठोड्यासारखं बांधून उपयोग नाही. खोडाशी सुतळीने आवळलं की खालून येणारी ऊब बाहेरच राहते.

मी चार कामट्या झाडाभोवती रोवते, झाडाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच. त्यावर जुनी सुती साडी किंवा गोणपाट असं टाकते की चारही बाजूंनी ते जमिनीला टेकेल, आणि कडांवर विटा ठेवते. कापड पानांना लागू द्यायचं नाही. हल्ली डाळिंबाच्या बागेत घालतात ते पांढरं, पातळ कापडासारखं क्रॉप कव्हर मिळतं, ते हलकं असतं, मला तेच सगळ्यात आवडतं. प्लॅस्टिकच वापरायचं असेल तर आत साडी आणि वरून प्लॅस्टिक. संध्याकाळी ऊन उतरलं की लगेच झाका, जमीन गार झाल्यावर रात्री दहाला झाकून काही हाती लागत नाही. सकाळी ऊन अंगणात आलं की काढा. काढायचा कंटाळा केला तर जमीन तापत नाही, आणि प्लॅस्टिकखाली झाड उकडतं ते वेगळंच.

माती ओली हवी. कोरड्या भुसभुशीत मातीत ऊब साठत नाही, ओल्या मातीत साठते. पाणी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास द्यावं, म्हणजे दिवसभर ती तापते. विहीर किंवा बोअर असेल तर तेच पाणी घ्या, थंडीत ते कोमट लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, ते ऊन चढल्यावरच. आमच्याकडे द्राक्षवाले पहाटे ठिबक सुरू करतात तेही विहिरीच्या पाण्याच्या या उबेसाठीच. मात्र अडेनियम झोपी गेलेलं असतं, त्याचं पाणी जवळजवळ बंद करा. थंडी आणि ओल एकत्र आली की त्याचा गड्डा सडतो.

थंडीत झाडाच्या बुडाशी पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरा असं सांगतात. त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हळद, अळू यांच्या कंदांवर जाड पाचट घालावं. पण मांडवाखालच्या झाडाच्या आळ्यातलं पाचट मी दिवसा बाजूला सारते, नाहीतर ऊन मातीपर्यंत पोहोचतच नाही.

कुंड्यांची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण तिथे मुळांनाही चारही बाजूंनी गारठा लागतो. तुळशीचं लग्न झालं की मी कुंड्या हलवायला घेते. दक्षिणेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या भिंतीला त्या चिकटून ठेवायच्या. ती भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहते. अँथुरियम, मनीप्लँट थेट ओसरीवर. बाकीच्या एकमेकींना खेटून, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळून. इथे गुंडाळणं चालतं, कारण गुंडाळतो ती कुंडी. अंगणात खोलगट जागा असेल तर तिथे काही ठेवू नका. गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगट भागात साचते.

कोणत्या रात्री जपायचं? संध्याकाळी आभाळ निरभ्र आहे आणि वारा पडलाय, अशा रात्री. ढगाळ रात्री एवढी भीती नसते. बातम्यांतला ४ अंशांचा आकडा ऐकून निर्धास्त राहू नका. तो तापमापक जमिनीपासून चार फूट उंच पेटीत असतो. खाली गवतावर त्याच वेळी पारा शून्यापाशी असू शकतो, आणि सगळ्यात गार वेळ उजाडतानाची.

शेकोटी करून धूर केला तर झाडं वाचतील का, असं मला विचारतात. धुराने ऊब अडत नाही. मोठ्या बागेत जागोजागी जाळ असेल तर थोडा फरक पडतो. अंगणात साड्यांच्या मांडवाशेजारी जाळ नकोच.

कार्तिकापासून युरिया आणि छाटणी दोन्ही बंद ठेवा. त्याने येणारी कोवळी फूट पहिल्या गारठ्यालाच बळी पडते. तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या खुडत राहा. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात, जास्वंदीच्या कळ्या झडतात, त्याने घाबरू नका, झाड मेलेलं नसतं.

आणि एवढं करूनही एखादं झाड काळवंडलंच, तर कात्री उचलू नका. जळलेली पानं खालच्या डोळ्यांवर, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या जागांवर, पांघरूण म्हणून राहू द्या. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की नखाने फांदीची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. जिथून हिरवं सुरू होतं तिथे कापायचं, आळ्यात ओंजळभर शेणखत घालायचं. माझी नागवेल वरून पूर्ण गेली होती. मी बुंध्यापाशी ओल धरून ठेवली, आणि होळीनंतर तिथूनच तांबूस कोंब वर आला.