सरावात सगळेच पास? मग या चुका बघा

फौजेतून निवृत्त होऊन सोलापुरात परतलो तेव्हा बेत साधा होता. सकाळी सिद्धेश्वर तलावाला एक फेरी, मग कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पेपर. नोकरीतली शेवटची बरीच वर्षं प्रशिक्षणात गेली होती: रणगाड्याचे सिम्युलेटर, वाळूचे नकाशे, युद्धसराव. हे कुणीतरी एका कारखानदाराच्या कानावर घातलं आणि 'साहेब, आमच्याकडं एक मॉक ड्रिल (आणीबाणीचा खोटा सराव) घेता का' असे फोन सुरू झाले. एमआयडीसीतले कारखाने झाले, शाळा झाल्या, सोसायट्या झाल्या. माणसं बदलतात, चुका त्याच. आता सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

पेपर फुटलेला सराव

रणगाड्याचा सिम्युलेटर का लागतो? टी-72 रणगाड्याची तोफ 125 मिलिमीटरची. तिचा एकेक गोळा महाग आणि रेंज, म्हणजे खऱ्या गोळाबारीचं मैदान, मिळणार वर्षातून मोजके दिवस. म्हणून तोफ डागणाऱ्या गनरला आधी पडद्यासमोर बसवायचं. लक्ष्य दिसलं, अंतर घेतलं, नेम धरला, फायर. गोळा खोटा, चूक फुकट.

एका वर्षी माझी एक तुकडी सिम्युलेटरवर इतकी चमकली की गुणांचा तक्ता मी वरच्या साहेबांना मुद्दाम नेऊन दाखवला. पुढच्या महिन्यात राजस्थानात रेंजवर गेलो. तीच पोरं, आणि गोळे कुठंच्या कुठं. पहिला गोळा सुटला की समोर धुळीचा पडदा उभा राहतो, दुपारी मृगजळात लक्ष्य तरंगतं, रणगाडा हिसका देतो. यातलं काहीच आमच्या पडद्यावर नव्हतं. ते मी समजू शकत होतो. पण एक गनर समोरचं लक्ष्य सोडून नेम धरायची दुर्बीण डावीकडे फिरवून नुसता वाट बघत बसला. विचारलं, 'क्या देख रहा है?' म्हणाला, 'साहब, अब पेड़ के पास वाला आएगा.'

त्या रेंजवर मैलभर झाड नव्हतं.

आमच्या उस्तादानं, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारानं, त्या रात्री एका जवानाच्या बिछान्याखालून वही काढून आणली. सिम्युलेटरच्या 6 अभ्यासांची उत्तरं सुवाच्य अक्षरात. 'तिसरा अभ्यास: आधी झाडाजवळ, मग टेकाडाच्या उजवीकडे, मग पुलाखाली.' आधीच्या तुकडीनं या तुकडीला दिलेली. पोरं नेमबाजी शिकलीच नव्हती, माझा पेपर पाठ करून आली होती. आणि पेपर फुटायला जबाबदार मी. दोन वर्षं तेच 6 अभ्यास फिरवत होतो, कारण आकडे छान येत होते.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. क्रम दर वेळी बदलतोच, पण एक अभ्यास असा ठेवतो की ज्यात 10 मिनिटं काहीच येत नाही. नुसता रिकामा माळ. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कोणीतरी हमखास झुडपावर गोळा टाकतो. त्याचं नाव मी वहीत लिहितो. शिक्षा म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सगळ्यात आधी बसवायचं असतं.

अकरा वाजताची ड्रिल

आता सोलापूर. धोकादायक रसायनांचा मोठा साठा असणाऱ्या कारखान्यांना 1989 च्या नियमांनुसार दर 6 महिन्यांनी आणीबाणीचा सराव सक्तीचा आहे. बाकीचे कुणी विम्यासाठी करतात, कुणी परदेशी गिऱ्हाईक तपासणीला येणार म्हणून. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यानं मला असंच बोलावलं. वेळ अकराची. मी पोचलो तर फाटकावर फ्लेक्स, अंगणात खुर्च्या, समोशांचा वास. माग आधीच बंद करून ठेवलेले. भोंगा वाजला, सगळे रांगेत बाहेर, 3 मिनिटं 40 सेकंद. टाळ्या. मालक खूश.

मी म्हटलं, समोसे झकास होते, पण मी परत येणार. कधी ते सांगणार नाही.

गेलो रात्रपाळीला, दोन वाजता. माग चालू. पॉवरलूमच्या शेडमध्ये उभं राहिलाय कधी? शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ओठ बघून कळून घ्यावं लागतं. भोंगा वाजवला. पहिलं मिनिट कुणीच हललं नाही. मग एका जॉबरनं (मागांवरच्या मुकादमानं) घड्याळाकडं बघितलं. कांडी भरणाऱ्या बायका उठल्या, डबे उचलले आणि हात धुवायला गेल्या. त्यांना वाटलं पाळी सुटली! भोंगा दोन्हीला एकच. लाउडस्पीकरवरून सूचना मराठीत, तीही नीट ऐकू येईना, आणि निम्म्या शेडचं घरचं बोलणं तेलुगू. मागच्या दाराला कुलूप, कारण टॉवेल चोरीला जातात. किल्ली वॉचमनकडं, वॉचमन चहाला.

शेवटी सगळे बाहेर आले असं वाटलं. मोजायचं कशावर? हजेरीचा मस्टर आत ऑफिसात, म्हणजे खोट्या का होईना, आगीत. एकानं पळत जाऊन तो आणला (हे करायचं नसतं, पण त्या क्षणी मीही थांबवलं नाही). मस्टरवर 62 नावं, बाहेर 61 माणसं. वाटलं, एकच कमी. नावं वाचायला लागलो तर त्या 61 मधले तिघं मस्टरवरच नाहीत, कंत्राटाचे हमाल. म्हणजे आत 4. तिघं सुताच्या गोदामात झोपलेले सापडले, चौथ्या मावशी संडासात. एकूण 11 मिनिटं.

मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'साहेब, रिपोर्टमध्ये सकाळचंच टाका की.'

टाकलं नाही. त्यानंतर मला त्यांचा फोन नाही.

माझा उपाय फार शास्त्रशुद्ध नाही. मागांच्या शेडमध्ये भोंग्यावर विसंबायचंच नाही. आणीबाणीचे दिवे लावून घ्यायचे आणि मागांची वीज तोडायची. खडखडाट थांबला की शेडमधला प्रत्येक माणूस आपोआप मान वर करतो. मग बॅटरी घेतलेला एक जण हात वर करून दाराकडं चालायला लागला की पुरे. ओरडायचंच असेल तर मराठीत 'आग' आणि तेलुगूत 'निप्पू' दोन्ही ओरडा. मस्टरची नक्कल फाटकावर, कंत्राटी नावांसकट, रोजची रोज. मागच्या दाराला आतून ढकलून उघडणारा दांडा बसतो, बाहेरून तो उघडत नाही, बाहेरच्या चोराचा प्रश्न मिटतो. आणि पहिला सराव सांगून घेतलात तरी दुसरा न सांगता, गैरसोयीच्या वेळी.

खरं तर सराव कसा असावा हे आपल्या गावाला शिकवायला नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी कित्येक रात्री नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच खांबांचा, सराव चालतो. मानकरी तो खांब पेलून रस्त्यावर प्रत्यक्ष चालतात. कोणी खुर्च्या मांडून प्रोजेक्टरवर 'नंदीध्वज कसा पेलावा' दाखवत नाही.

साहेब मेले पाहिजेत

माझ्या शर्टाच्या डाव्या खिशात नेहमी चिठ्ठ्या असतात. 'मुख्य दार जाम.' 'फोनला रेंज नाही.' 'पाण्याच्या टाकीत पाणी नाही.' आणि एक ठेवणीतली: 'तुम्ही मेलात.' ती मी सराव सुरू झाल्यावर दोन मिनिटांत मॅनेजरच्या हातात देतो. 'सर, तिकडं खुर्चीवर बसा आणि एक शब्द बोलू नका.' पहिल्यांदा चेहरे बघण्यासारखे होतात. पण त्याशिवाय कळत नाही की त्या कारखान्यात दुसरं कुणी निर्णय घेऊ शकतं का.

मेलेला माणूस मेलेलाच ठेवायचा, हे जास्त महत्त्वाचं. मे 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानी आरमारानं पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेचा नकाशावर सराव केला. त्या खेळात अमेरिकी विमानांच्या बॉम्बनी 'अकागी' आणि 'कागा' या दोन विमानवाहू नौका बुडाल्या, असा निकाल पंचानं दिला. खेळाचे प्रमुख ॲडमिरल उगाकींनी 9 बॉम्बचे 3 करून टाकले. अकागी वाचली, आणि बुडालेली कागासुद्धा पुढच्या खेळात पुन्हा तरंगायला लागली. महिन्याभरात, 4 जूनच्या लढाईत, दोघींवर खरे बॉम्ब पडले. जपाननं त्या लढाईत एकूण 4 विमानवाहू नौका घालवल्या. 'साहेब, एवढं सोडून द्या, आपली माणसं हुशार आहेत' असं कुणी म्हणालं की मला उगाकी आठवतात.

बाकीच्या, थोडक्यात

यंत्राच्या मागं लागू नका. सेफ्टीचा दोन महिन्यांचा कोर्स करून आलेली पोरं पहिला प्रश्न विचारतात, 'सर, व्हीआर हेडसेट कुठला घ्यायचा?' (म्हणजे खोटं दृश्य दाखवणारा तो डोळ्यांवरचा चष्मा.) अरे, आधी कारखान्यात चालून ये. अमेरिकेत एडविन लिंकनं 1929 च्या सुमारास बापाच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून विमानासारखं लाकडी खोकं हलवलं. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे पायलट त्याच खोक्यात बसून ढगातून विमान चालवायला शिकले. मी अजूनही नकाशासाठी वाळू पसरतो, मधल्या मारुतीच्या बाजारातून आणलेली रांगोळी टाकतो, ओढ्याला निळा दोरा, दाराला काडेपेटीची काडी. खर्च चहापाण्याइतका.

'फायर ब्रिगेड 5 मिनिटांत पोचली' असं टेबलावर बसून लिहू नका. संध्याकाळी सहाला 'सात रस्ता' चौकातून स्वतः मोटारसायकल काढा, मग आकडा लिहा. यात्रेच्या दिवसांचा वेगळा.

पुराचा सराव तलावाच्या शांत पाण्यात करून फोटो काढू नका. भीमेला पाणी येतं तेव्हा खाली बुडालेल्या बाभळी असतात, तारा असतात, आणि बोटीच्या पंख्यात अडकणाऱ्या साड्या.

आग विझवायचं सिलिंडर प्रत्येकाला एकदा हातात घेऊन चालवू द्या. 6 किलोचं सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. ज्याला हे माहीत नाही तो पहिले दहा सेकंद ज्वाळांच्या शेंड्यावर घालवतो.

सरावाआधी एक शब्द ठरवा. मे महिन्यात, पारा 43 वर, एका शाळेत जखमी बनलेला मुलगा जमिनीवर पडून उत्तम अभिनय करत होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा खरोखर भोवळ येऊन पडला. मुलांनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. ब्रिटिश फौजेत यासाठी 'नो डफ' म्हणतात: हे नाटक नाही, खरं आहे. मी मुलांना 'खरंखरं' हा शब्द देतो, तीनदा ओरडायचा. ऐकला की सराव जागच्या जागी बंद.

नंतरच्या चर्चेत सर्वात धाकट्याला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीच्यांच्या माना फक्त हलतात.

आणि सराव संपला की 'संपला' असं प्रत्येकाला, प्रत्येक फाटकावर जाऊन सांगा. चिंचोळी एमआयडीसीत एका ठिकाणी सगळं उरकून, चर्चा करून, तासाभरानं मी घरी निघालो. मागच्या फाटकावर वॉचमन अजून हात पसरून ट्रक अडवून उभा. मला बघून म्हणाला, 'साहेब, विझली का आग? ड्रायव्हर लई शिव्या द्यायलाय.'