परदेशाचं स्वस्त तिकीट शोधताना मी काय काय बघते, मुक्काम पोस्ट घोडबंदर रोड

मागच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन, अगं सोळा हजारात बँकॉक रिटर्न दिसतंय, करून टाकू का बुक, उद्या वाढेल म्हणे. म्हटलं थांबा, आधी तीन गोष्टी सांगा, बॅग आहे का त्यात, मधे कुठे थांबतंय आणि किती वेळ. दहा मिनिटांनी परत फोन. बॅग नव्हती, जाताना मधे साडेनऊ तास बसायचं होतं, आणि येताना तर रात्रभर. बॅगा आणि त्या साडेनऊ तासांतलं चौघांचं खाणं धरलं तर माणशी एकवीसच्या वर जात होतं, आणि डायरेक्ट विमान बॅगेसकट साडेबावीसला होतं. म्हणजे दीड हजारासाठी दोन मुलं घेऊन विमानतळावर पथारी पसरायची.

तर माझं पहिलं म्हणणं हे की स्क्रीनवरचा आकडा म्हणजे तिकीटाचा भाव नाही. मी ठाण्यातल्या आमच्या दारापासून तिकडच्या हॉटेलच्या दारापर्यंत हिशोब लावते, कॅब, बॅगा, सीटा, मधलं जेवण, पहाटे पोचलो तर हॉटेलचा वाया गेलेला अर्धा दिवस, सगळं. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. एकदा नवऱ्याने सांभाळलं होतं, त्याची गोष्ट पुढे येतेच.

सुरुवात कुठून करायची तर आधी ठरवा की तुमचं काय पक्कं आहे, तारीख की ठिकाण. दोन्ही पक्कं असेल तर खरं सांगते, फार काही वाचणार नाही, जो भाव असेल तो द्या आणि मोकळे व्हा. तारीख पक्की आणि ठिकाण कुठलंही चालेल असं असेल तर स्कायस्कॅनरवर कुठे जायचं त्या जागी एव्हरीव्हेअर टाका, मुंबईहून सगळे देश स्वस्त ते महाग असे लागतात. गुगल फ्लाइट्सवर एक्सप्लोअर म्हणून नकाशा आहे, तो तर मी मालिका बघतात तशी रात्री जेवण झाल्यावर बघत बसते. उलट ठिकाण पक्कं आणि तारीख सैल असेल तर गुगल फ्लाइट्सवर डेट ग्रिड उघडायचं, जाण्याची तारीख एका बाजूला, येण्याची दुसऱ्या बाजूला, आणि मधे भावांचे चौकोन. एक दिवस मागेपुढे केला की काय फरक पडतो ते तिथे डोळ्यांना दिसतं. आणि ट्रॅक प्रायसेस चालू करून ठेवा, भाव हलला की ईमेल येतो, रोज उठून बघायला नको.

मंगळवारी बुक केलं की स्वस्त पडतं असं सगळे सांगतात. बुक कुठल्या वारी करता याने काही होत नाही हो, कुठल्या वारी उडता याने होतं. भाऊबीज झाली की त्या रात्री अर्धं ठाणं सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर असतं. आम्ही हनोईला जाताना शनिवार सोडून पुढचा मंगळवार धरला तर माणशी सहा हजारांचा फरक पडला, फक्त मुलीच्या दोन जादा सुट्ट्यांसाठी शाळेत अर्ज द्यावा लागला. साइटने आपल्याला ओळखू नये म्हणून ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, कुकीज उडवा हेही मी वर्षभर करून बघितलं, मला एकदाही पैसे वाचले नाहीत.

आपली सुट्टी आपण बघतो पण तिकडची बघत नाही. जपानात एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीक असतो, व्हिएतनामात जानेवारी-फेब्रुवारीत तेत, थायलंडला १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, ही तिकडची नववर्षं, त्या दिवसांत तिथले लोकच घरी जायला निघतात आणि भाव चढतात. दुबईचं तर गणितच उलटं आहे. तिकडच्या शाळांना जुलै-ऑगस्टची सुट्टी, त्यामुळे जून संपता संपता तिकडून इकडे यायची तिकिटं महाग आणि ऑगस्टच्या शेवटी इकडून तिकडे जायची महाग. मधे जुलैत इकडून जायला स्वस्त मिळून जातं, पण मग चाळीसच्या वरचं ऊन, मॉलमधून मॉलमध्ये फिरा. स्वस्त का आहे हे विचारायची सवय लावून घ्या. मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे दा नांगच्या बाजूला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेदम पाऊस असतो, म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत तो भाग गाळला, हनोईत उतरलो आणि हो ची मिन्ह सिटीतून परतलो. यासाठी रिटर्न ऐवजी मल्टी-सिटी करायचं, एका गावात उतरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं. भाव जवळपास तोच आला आणि उलटं हनोईला परत यायचं भाडं आणि एक दिवस वाचला.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. विमानातल्या सगळ्या सीटा एका भावाने विकत नाहीत. एकाच इकॉनॉमीत पाच-दहा भावांचे कप्पे असतात, स्वस्त कप्प्यातल्या सीटा संपल्या की पुढचा कप्पा उघडतो. आणि तुम्ही चार माणसं टाकून शोधलं आणि स्वस्त कप्प्यात तीनच सीटा उरल्या असल्या तर बहुतेक वेळा सिस्टीम चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव लावते! आमचं चौघांचं शोधलं तेव्हा माणशी २७,९०० दिसत होतं, म्हणजे १,११,६००. एकासाठी शोधलं तर २४,३००. दोघांसाठी तेच, तिघांसाठी तेच, चार केले की परत २७,९००. मग काय, मी, मुलगी आणि सासूबाई एका पीएनआरवर, म्हणजे एका बुकिंग नंबरवर २४,३०० ने, आणि नवरा एकटा दुसऱ्या पीएनआरवर २७,९०० ने, एकूण १,००,८००. दहा हजार आठशे वाचले. आजही कुणी घरी आलं की तो सांगतो की मला वेगळा टाकला होता. यात एक धोका आहे तो लक्षात ठेवा, विमानाची वेळ बदलली तर दोन पीएनआरना वेगवेगळी विमानं देऊ शकतात, त्यामुळे एअरलाइनला फोन करून दोन्ही जोडून घ्या आणि लहान मूल मोठ्या माणसाबरोबरच ठेवा. माणसं आधी एक टाकून शोधा, मग दोन, मग तीन, एवढं तरी करून बघाच.

मुंबई सोडून दुसरीकडून निघणं हा प्रकार दिसतो तेवढा स्वस्त नसतो. कोचीहून क्वालालंपूर मुंबईपेक्षा बरंच खाली दिसतं कधीकधी, पण ठाण्याहून कोचीचं तिकीट आणि एखादी रात्र धरली की बहुतेक वेळा तेवढ्यास तेवढं. दोनच माणसं, हातातल्या बॅगा, आणि कोचीला तसंही जायचं असेल तर करा.

नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय आणि तेव्हापासून एक नवा घोळ झालाय, कोड नीट वाचा. सहारचं बीओएम, नवी मुंबईचं एनएमआय. समजा परतीला दिल्लीत उतरून पुढे मुंबई असं वेगळं स्वस्त तिकीट काढलंत तर ते यातल्या कुठल्याला येतंय ते बघा. ऐरोली, खारघरवाल्यांची मजा आहे, पण आम्हाला घोडबंदरला मध्यरात्री तिकडून यायचं म्हणजे वाचलेले पैसे कॅबवाल्याच्या हातात. तिकडच्या शहरांचंही तेच. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला दोन, टोकियोला नारिता आणि हानेदा. शारजा स्वस्त दिसलं तर तिथून दुबईचा रस्ता आणि संध्याकाळचं ट्रॅफिक दोन्ही धरा.

दोन वेगळी तिकिटं जोडून स्वस्त करायची आयडिया साइटच सुचवतात, त्याला सेल्फ ट्रान्सफर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. अर्थ असा की पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलं, पैसे बुडाले, कुणी जबाबदार नाही. शिवाय सामान बेल्टवरून घेऊन परत चेक-इन करायचं, म्हणजे त्या देशात शिरायचं, म्हणजे व्हिसा. लंडनमध्ये तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टला सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिकेचा वगैरे व्हिसा असेल तर सूट मिळते. एकाच तिकिटावरचं कनेक्शन असेल तर मी दोन-तीन तासांचं खुशाल घेते, वेगळ्या तिकिटांवर मात्र मधे एक पूर्ण रात्र नसेल तर घेत नाही. कुणाला भित्रेपणा वाटला तर वाटो.

आणि ती हिडन सिटीची युक्ती, म्हणजे पुढच्या गावाचं तिकीट काढायचं आणि मधेच उतरून जायचं, ती रिटर्नवर करू नका. बॅग पुढच्या गावाला जाते आणि एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात.

कुठे बुक करायचं? शोधायचं सगळीकडे, बुक शक्यतो एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर करायचं. इथे नवऱ्याची गोष्ट. त्याने एकदा कुठल्याशा स्वस्त साइटवर साडेसातशे रुपये वाचवले आणि माझं नाव लग्नानंतरचं टाकलं. माझा पासपोर्ट अजून माहेरच्या नावावर आहे! साइटवाले म्हणे एअरलाइनला विचारा, एअरलाइनवाले म्हणे जिथून घेतलंत त्यांना विचारा, चार दिवस हाच खेळ, शेवटी रद्द करून नवीन काढलं आणि साडेअकरा हजार गेले. तेव्हापासून पासपोर्ट समोर उघडा ठेवून अक्षर न् अक्षर टाइप करायचं. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ते तसंच्या तसं टाकायचं. पासपोर्ट हातात आहे तोवर त्याची मुदतही बघा, बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात.

पैसे भरताना भाव रुपयात आहे की डॉलरमध्ये ते बघा. परदेशी चलनात कार्ड घासलं की बहुतेक बँका २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे वरचा आकार, आणि त्यावर जीएसटी लावतात, लाखाच्या तिकिटावर सहज तीन हजार. बँकांच्या ऑफर असतात, पण कन्व्हिनियन्स फी जोडल्यावर किती उरतं ते शेवटच्या पानावर बघा, आधीच्या नाही. इन्शुरन्स, सीट, जेवण यांच्यापुढे आधीच केलेल्या बरोबरच्या खुणा काढा. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर एका प्रवेशाला २५ डॉलर आहे, हुबेहूब दिसणाऱ्या साइट दुप्पट घेतात, तिकिटात वाचवलेलं इथे घालवू नका.

बॅगेचं सांगायचं राहिलं. स्वस्त एअरलाइनवर हातातलं सामान सहसा ७ किलो, आणि चेक-इन बॅग हवी असेल तर ती तिकिटाबरोबरच घ्यायची, काउंटरवर तोच भाव कितीतरी पट होतो. आम्ही चौघांत दोनच बॅगा घेतल्या होत्या, त्या भरल्या, उरलेलं हातात. काउंटरवरच्या मुलीने हातातल्या बॅगाही काट्यावर ठेवायला सांगितल्या. सासूबाईंची ९.४ किलो. उघडली तर चकल्यांचा स्टीलचा डबा, भडंग, मेतकूट, खजुराचे लाडू, आणि खाली रिकामा दुसरा स्टीलचा डबा, तिकडून काही आणायला लागला तर. मागे रांग, आणि आम्ही जमिनीवर बसून वाटण्या करतोय, मुलीच्या जॅकेटच्या दोन्ही खिशांत लाडू, सासूबाईंनी स्वेटर अंगात घातला, शाल वर घेतली, आणि भडंग तिथेच खाऊन संपवलं. ६.९ वर आणली. आता घरी हुकवाला डिजिटल काटा आहे, रद्दीवाल्याकडे असतो तसला, तीनशे-चारशेला मिळतो, निघायच्या आदल्या रात्री सगळ्या बॅगा त्याला लटकतात आणि स्टीलचे डबे घरी राहतात.

विमान दिवसाचं असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे मेट्रोचीच अ‍ॅक्वा लाइन घेऊन पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे सहारचं टर्मिनल, एका छोट्या बॅगेवर आरामात होतं. पण परदेशाची बरीच विमानं अपरात्री असतात, तेव्हा मेट्रो बंद, कॅबच लागते, ती आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. मुलुंडचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, ड्रायव्हरने मागितला तर देऊ नका.

जाऊबाईंनी डायरेक्टच घेतलं शेवटी. आधी तिघांचं आणि मग एकट्या दिरांचं.