घरी काडतुसे भरायची आहेत? सिंगल-स्टेज प्रेस असा निवडा

अमेरिकेत रेंजवर नियमित जाणारे बरेच नेमबाज उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. काडतूस चार गोष्टींचे बनते: पुंगळी, प्राइमर (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), पावडर (बंदुकीची दारू) आणि गोळी. त्यातली पुंगळीच तेवढी पुन्हा वापरता येते, आणि रायफलच्या काडतुसात बहुतेक वेळा तीच सगळ्यात महाग असते. म्हणून घरच्या टेबलावर पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद तिथे रुजला. या छंदातली पहिली मोठी खरेदी म्हणजे प्रेस, दांडा ओढून पुंगळीवर काम करणारे दाबयंत्र. तो निवडताना लोक ब्रँडवरून वाद घालत बसतात. खरे तर आपण कोणते काडतूस भरणार आणि महिन्याला किती, हे आधी ठरवले की निम्मी निवड आपोआप होते.

आधी कायदा

भारतात हा छंद घरी करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना असला तरी त्यात काडतुसे बनवण्याची परवानगी येत नाही. पुढचे सगळे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे.

तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायची असतील तर लागतो. पण आपल्या मंडळींना एक गोष्ट हमखास माहीत नसते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसा यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि दारूगोळा दोन्ही जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने साधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यास सूट मिळते, असे काही अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात का हे वकिलाकडूनच समजून घ्यावे. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. पावडर आणि प्राइमर घरात किती ठेवता येतात याचे नियम राज्यागणिक, शहरागणिक बदलतात. भाड्याचे घर असेल तर करारही वाचा.

पायरी १ : सिंगल-स्टेजच हवा ना?

या प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय (पुंगळी मापावर आणणारा किंवा गोळी बसवणारा साचा) बसते आणि दांड्याच्या एका ओढीत एकच काम होते. आधी सगळ्या पुंगळ्यांचा जुना प्राइमर काढून त्या मूळ मापावर आणायच्या, मग डाय बदलून पुढचे काम. पावडर बहुधा प्रेसबाहेरच, वजन करून भरली जाते.

रायफलसाठी ही चाल उत्तम. .३०८ विंचेस्टरची ५० काडतुसे एका निवांत संध्याकाळी होतात. ९ मिमी पिस्तुलाची गोष्ट वेगळी. २०० काडतुसे, प्रत्येकी किमान तीन ओढी, म्हणजे दांडा ६०० वेळा ओढायचा. दर आठवड्याला एवढी उडवणार असाल तर टरेट (फिरत्या चकतीवर अनेक डाय असलेला) किंवा प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत अनेक कामे करणारा) प्रेस बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही.

तरीही नवख्याने सुरुवात इथूनच करावी असे माझे मत आहे. या छंदातली सर्वांत धोक्याची चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडणे. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या असतील तर गोळी बसवण्याआधी वरून टॉर्च मारून सगळ्यांची पातळी एका नजरेत तपासता येते. संथपणा इथे कामाला येतो.

पायरी २ : चौकट आणि धातू

प्रेसला खरा जोर लागतो तो पुंगळी मापावर आणताना. गोळी बसवायला फारशी ताकद लागत नाही. त्यामुळे .२२३ रेमिंग्टन किंवा पिस्तुलाच्या छोट्या पुंगळ्या असतील तर हलका प्रेसही चालतो; .३०-०६ किंवा मॅग्नम काडतुसे असतील तर चौकट वाकता कामा नये.

सी आकाराची चौकट समोरून उघडी असते, हात घालायला सोपी, पण जोराखाली किंचित फाकते. ओ आकाराची बंद असते आणि ताठ राहते. धातूत ॲल्युमिनियम आणि बीड (ओतीव लोखंड) हे मुख्य पर्याय. ली कंपनीचा छोटा रीलोडर प्रेस सी आकाराचा आणि ॲल्युमिनियमचा आहे. दुसरा प्रेस म्हणून, फक्त प्राइमर काढण्यासाठी, तो छान. एकच घ्यायचा असेल तर बिडाचा, ओ आकाराचा घ्या. तो नातवंडांपर्यंत टिकेल.

दोन मापे मात्र बघाच. डायचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४, हे प्रमाण माप आहे. कोणत्याही मोठ्या कंपनीची नेहमीची डाय त्यात बसते. दुसरे माप चौकटीतल्या मोकळ्या जागेचे. .३०-०६ चे पूर्ण काडतूस ३.३४ इंच लांब असते. पुंगळीवर गोळी टेकवून ती बोटांनी डायखाली नेताना जागा अपुरी पडली तर दर वेळी कसरत होते.

पायरी ३ : ठरावीक नावे, आणि त्यातला फरक

आरसीबीएसचा रॉक चकर सुप्रीम हा बिडाचा प्रेस अमेरिकी गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी एक. कंपनी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल इथे सुरू केली. प्रेस भक्कम, वापरलेलेही भरपूर मिळतात, पण वापरलेले प्राइमर पुढच्या ट्रेमध्ये पडतात आणि त्यातले काही हमखास जमिनीवर उड्या मारतात.

लीचा क्लासिक कास्टही बिडाचाच, किमतीला सहसा कमी. त्याचा रॅम (पुंगळी वर डायमध्ये ढकलणारा खांब) पोकळ आहे, जुने प्राइमर आणि त्यांची राख आतून नळीवाटे खाली डब्यात जाते. हा फायदा मी मोठा मानतो. त्या राखेत शिसे असते, आणि ती रॅमच्या बाजूने घासत राहिली तर प्रेसही झिजतो. दांडा डाव्या बाजूलाही लावता येतो, डावखुऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पैशाच्या मानाने याच्यापेक्षा चांगला पहिला प्रेस मला तरी माहीत नाही. रेडिंगचा बिग बॉस २ त्याच जातीचा, फिनिशिंग जास्त सुबक, किंमतही जास्त.

हॉर्नडीच्या लॉक-एन-लोड क्लासिकमध्ये डाय एका बुशिंगमध्ये (डायभोवतीच्या कड्यात) कायमची बसवून ठेवतात आणि बुशिंग थोडे फिरवले की डाय बदलते. तीन-चार वेगवेगळी काडतुसे भरणाऱ्याचा यात वेळ वाचतो. एकाच काडतुसाशी एकनिष्ठ असाल तर या सोयीचे पैसे देऊ नका.

फॉर्स्टरचा को-ॲक्स वेगळ्याच घराण्यातला. डाय आट्यात फिरवायची नाही, खाचेत सरकवायची. ती आणि पुंगळी धरणारे जबडे दोन्ही किंचित मोकळे राहतात, त्यामुळे पुंगळी आपोआप मध्यावर येते. दांडा वर, मधोमध. लांब पल्ल्याचे नेमबाज याच्यावर जीव टाकतात. पण त्याच्या खाचेत प्रत्येक कंपनीची लॉक रिंग (डाय जागेवर पक्की करणारे कडे) नीट बसत नाही, लीच्या डायच्या तर रिंगा बदलूनच घ्याव्या लागतात.

अचूकतेचा बराचसा भाग डाय, पुंगळीची तयारी आणि वजनकाटा यांत असतो. महागडा प्रेस घेऊन काट्यावर काटकसर करणारे बघितले की हसू येते.

पायरी ४ : जुना घेताय?

बिडाचा जुना प्रेस ही चांगली खरेदी ठरू शकते. रॅम पूर्ण वर नेऊन बाजूने हलवून बघा. थोडी खुळखुळ चालते, पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःची जागा शोधते. पण रॅम खसखसत अडकत असेल, डायचे आटे खाल्लेले असतील किंवा दांड्याच्या जोडापाशी तडा असेल तर सोडून द्या. वरवरचा गंज तेलाने आणि बारीक पॉलिश कापडाने निघतो.

पायरी ५ : टेबल

ही पायरी लोक विसरतात. रॅम आणि त्याचा जोड टेबलाच्या खाली जातो, म्हणून प्रेस काठावर, शक्यतो पायाच्या जवळ बसतो. वरची फळी दीड इंच जाडीची तरी हवी. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर चिकटवले तरी भागते. आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर लावा, लाकडी स्क्रू काही महिन्यांत सैल होतात. टेबल भिंतीला बांधता येत असेल तर बांधाच. भाड्याच्या घरात प्रेस जाड फळीवर बोल्ट करून ती फळी शिकंज्याने टेबलाला आवळतात.

पायरी ६ : सोबत काय घ्यायचे

शेल होल्डर (पुंगळीचा तळ धरणारा तुकडा), काडतुसाच्या मापाच्या डाय, पुंगळीला लावायचे ल्युब (वंगण), वजनकाटा, लांबी मोजायला कॅलिपर, डोळ्यांना चष्मा. प्राइमर बसवायला प्रेसवरच एक छोटा दांडा असतो, पण हातात धरायचे वेगळे साधन घेतलेत तर प्राइमर बसल्याचे बोटांना कळते. आणि छापील, चालू आवृत्तीचे लोड मॅन्युअल. पावडरचे आकडे तिथूनच घ्यायचे, मित्राच्या वहीतून नव्हे. नव्याने सगळेच घ्यायचे असेल तर प्रेससकट येणारा संच बहुधा स्वस्त पडतो.

प्रेस घरी आला की पावडर आणि प्राइमर अजून आणू नका. रिकाम्या पुंगळ्यांना ल्युब लावून दहा-वीस मापावर आणा. ल्युब कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकते. दांडा खाली आल्यावर गुडघ्याला लागतो का, टेबल हलते का, चौकटीत बोटे नीट जातात का, हे सगळे तेव्हाच कळते आणि दुकानाची परत करण्याची मुदतही तोवर संपलेली नसते.