घोडा जोडताना, ट्रेलर सोडताना

नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरकडच्या कंपन्यांत भरायला ट्रेलर सोडायचा आणि तोवर घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिन-केबिनचा भाग) दुसऱ्या ट्रेलरला लावायचा, असं काम असलं की फोनवर मुनीम सारखा ‘निघाला का?’ विचारतो. त्याला वाजू द्या. आधी घोडा लांब उभा करून पायी एक फेरी मारा.

पहिलं बघायचं म्हणजे ट्रेलरच्या चाकांना ठोकळे आहेत का. काल ब्रेक लागला होता, यावर विसंबू नका. जुन्या बऱ्याच ट्रेलरांना स्प्रिंग ब्रेक (हवा गेली तरी स्प्रिंगने धरून ठेवणारे) नसतात. हवेचा पाईप काढल्यावर लागलेला ब्रेक टाकीतल्या हवेवर टिकतो आणि हवा रात्रभरात गळते. ठोकळा चांगला जाड लाकडाचा हवा. रस्त्याकडेचा धोंडा नको. तो सरकतो, आणि गाडी गेल्यावर तिथेच पडून मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

मग फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्याच्या पाठीवरची, ट्रेलर टेकतो ती जबड्याची तबकडी: ग्रीस आहे ना, त्यात खडी-माती कालवलेली नाही ना, जबडा उघडा आहे ना. किंगपिन (ट्रेलरखालची, त्या जबड्यात अडकणारी पिन) वाकलेली किंवा मानेशी झिजलेली नको, आणि 50 मिलिमीटरची पिन 90 च्या जबड्यात तर अजिबात नको.

ट्रेलरच्या उंचीवर मात्र वेळ घालवा. मागे घेताना ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलच्या मागच्या उतारावर टेकून किंचित उचलली जाईल, इतकी खाली हवी. ट्रेलर उंच राहिला तर किंगपिन जबड्यावरून सरकते आणि ट्रेलर थेट केबिनच्या पाठीवर येतो. त्याहून वाईट म्हणजे ती अर्धवट अडकते आणि वरून सगळं जोडल्यासारखं दिसतं. ट्रेलरला पुढून टेकू देणाऱ्या पायांचं हँडल फिरवायचा आळस इथे महागात पडतो. मागे येताना सरळ या, हळू या. क्लीनर पोऱ्या मध्ये उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत असेल तर गाडी थांबवा आणि त्याला बाजूला, आरशात दिसेल असा उभा करा.

‘खट्’ वाजलं म्हणजे जोडलं, असं सगळेच म्हणतात. मी ते धरत नाही. पहिल्या गिअरमध्ये हलकंसं पुढे ओढून बघा, मग हँडब्रेक लावून उतरा, टॉर्च घ्या आणि खाली वाका. प्लेट आणि फिफ्थ व्हीलमध्ये फट नको. जबडा किंगपिनच्या बारीक मानेभोवती मिटलेला हवा, खालच्या डोक्याभोवती नव्हे. फिफ्थ व्हीलचं हँडल पूर्ण आत, क्लिप लावलेली. यात चूक राहिली तर यार्डात बहुधा काहीच होणार नाही. ट्रेलर सुटेल तो कसारा घाटातल्या वळणावर.

हवेचे पाईप जोडताना घोड्याचा हँडब्रेक लागलेलाच हवा. लाल (टाकीत हवा भरणारा) पाईप बसताच ट्रेलरचा इमर्जन्सी ब्रेक सुटतो. घोड्याचाही ब्रेक मोकळा असेल तर उतारावर सगळी गाडी चालू लागते आणि ड्रायव्हर नेमका मध्ये उभा असतो. माणसं अशीच चिरडली जातात. लाल आणि पिवळा (पायाच्या ब्रेकचा) पाईप उलटा लावू नका. टाकी रिकामी असलेला जुना ट्रेलर मग ब्रेकशिवायच मागे येतो. सात पिनांची वायर लावून लाइट बघा, पाय पूर्ण वर घ्या, कंटेनर असेल तर त्याचे कोपरे धरणारे चारही ट्विस्ट लॉक तपासा.

सोडताना सगळा भरवसा जमिनीवर. इगतपुरी-घोटीच्या पावसात कालचा टणक मुरूम आज लोण्यासारखा होतो, म्हणून ट्रेलरच्या पायांखाली जाड फळ्या टाका. ट्रेलरचा ब्रेक लावा, घोडा थोडा मागे रेटून जबड्यावरचा ताण काढा, मग हँडब्रेक आणि चाकांना ठोकळे. पाय टेकले की हँडल जड भाराच्या गिअरवर घेऊन आणखी थोडे फेरे द्या. पाईप-वायर काढून हुकाला अडकवा, लोंबत ठेवलेल्या तुटतात. फिफ्थ व्हीलचं हँडल ओढताना स्वतःचे पाय चाकाच्या वाटेत नकोत. मग घोडा हळू पुढे घ्या, पण त्याची चासी ट्रेलरखाली असतानाच थांबा, उतरा आणि ट्रेलरचे पाय रुततायत का ते बघा. रुतत असतील तर अजून मागे जाता येतं. नसतील तर काढा बाहेर.