मुंबईत बिऱ्हाड हलवताना: हिशोब पत्त्यापासून सुरू करा

लातूर, जळगाव किंवा साताऱ्याहून मुंबईला बदली झाली की माणूस आधी ऑफिसजवळचं भाडं विचारतो, आकडा ऐकून हबकतो आणि थेट बदलापूर-विरार गाठतो. दोन्ही वेळा बघितलेलं असतं फक्त भाडं. त्याच्या शेजारी स्टेशनपर्यंतची रिक्षा, लोकलचा पास, सोसायटीतला टँकरचा खर्च आणि शाळेचं येणंजाणंही मांडा. समजा, स्टेशनपासून लांबचं घर ३,००० रुपयांनी स्वस्त आहे. शेअर रिक्षा एका वेळेला २० रुपये आणि नवरा-बायको दोघंही नोकरीला. २६ दिवसांचे २,०८० रुपये रिक्षातच गेले. त्यात एका मुलाची स्कूल व्हॅन आली की स्वस्त घर महाग पडलं.

घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवर उभं राहा, गाडीत चढता येतंय का ते कळेल. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बोरिवली, विरार इथून काही लोकल सुटतात. तिथे बसायला जागा मिळण्याची आशा तरी असते. पास पहिला महिना मासिकच काढा, कारण घर किंवा ऑफिस बदलण्याची शक्यता याच काळात जास्त. बस्तान बसलं की त्रैमासिक घ्या. तो मासिकच्या २.७ पट पडतो, आणि वार्षिक १०.८ पट, म्हणजे बारा महिन्यांतला सव्वा महिना जवळजवळ फुकट.

आता हातात किती रोकड लागेल ते. २२,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिट धरू. डिपॉझिट, पहिलं भाडं आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली मिळून १,१९,००० होतात. वर करारनाम्याचा खर्च, टेम्पो आणि पंखे-गीझर बसवणं. पहिला पगार हातात येईपर्यंतचं घरखर्चाचं वेगळं. म्हणून भाड्याच्या सात-आठ पट रक्कम बाजूला नसेल तर आधी एकट्याने येऊन दोन-तीन महिने पेइंग गेस्ट म्हणून काढणं शहाणपणाचं. ‘हेवी डिपॉझिट’ देऊन बिनभाड्याने राहण्याचा मोह आवरा. मालकाचे कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेने घरावर ताबा आणला, तर तुमचे लाखो रुपये अडकतात.

करारनाम्यात कंजुषी करू नका. दलाल म्हणेल, ‘नोटरी करू, चालतं.’ चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या घरभाडे कराराची, नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,४२,००० आणि व्याज ६,८७५, म्हणजे शुल्क सव्वासहाशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठे घेण्याचे वेगळे पैसे लावतो, ते कोण देणार हे आधीच बोलून ठेवा.

जमल्यास करार २२ किंवा ३३ महिन्यांचा करा आणि दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या. दर अकरा महिन्यांनी दलाली, टेम्पो आणि मुलांची शाळा बदलणं यात जे जातं त्यापुढे जास्तीचं मुद्रांक शुल्क किरकोळ. मात्र लॉक-इनची, म्हणजे ठरावीक महिने करार मोडता न येण्याची, अट नीट वाचा. ती फक्त तुम्हालाच बांधत असेल तर सही करू नका, मालकालाही तेवढीच बांधलेली हवी. नोटीस दोघांनाही एक महिन्याची. घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, तेही लिहून घ्या, कारण डिपॉझिटवरची भांडणं बहुधा रंगावरूनच होतात. किल्ली मिळाली त्याच दिवशी भिंती, नळ आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा. डिपॉझिट रोख नको, बँकेतून द्या.

हा नोंदणीकृत करार पुढे जागोजागी लागतो: आधारचा पत्ता बदलायला, ऑफिसात घरभाडं दाखवायला (जुनी करप्रणाली निवडली असेल तरच सूट मिळते), खासगी शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के मोफत जागांसाठी अर्ज करायला. आरटीईसाठी करार अर्ज भरण्याच्या तारखेआधीचा हवा. नंतर केलेल्या करारावर पडताळणीत प्रवेश हुकतो.

खासगी शाळेची फी झेपत नसेल तर ‘मुंबई पब्लिक स्कूल’ नावाने चालणाऱ्या पालिकेच्या शाळा बघून या. त्यातल्या काहींत सीबीएसई आणि आयसीएसईसुद्धा आहे. शिक्षण मोफत, आणि पालिकेच्या शाळांत गणवेश, वह्या, दप्तर असं शालेय साहित्यही मिळतं. गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा पालिकेची शाळा आठवीपर्यंतचा प्रवेश अडवू शकत नाही. तरी निघतानाच दाखला आणि मुलाचा स्टुडंट आयडी घेऊन ठेवा, हेलपाटा वाचतो.

गॅसचं काम निघायच्या आठवड्यात उरका. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, जुनी अनामत परत मिळते. ते व्हाउचर दाखवून नव्या एजन्सीत कनेक्शन घ्यायचं, पण अनामत पुन्हा भरावी लागते. इमारतीत पाइपचा गॅस असेल तर नव्या एजन्सीची भानगडच नाही.

मोफत धान्याचं रेशन कार्ड असेल तर ते गावातून रद्द करायची घाई नको. आधार जोडलेलं असलं की मुंबईतल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. घरातले काही जण गावी असतील तर त्यांचा वाटा ते तिथे उचलू शकतात.

विजेत एक फसगत नेहमीची. दर टप्प्यांनी वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी चढा. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात आणि दोघंही वरच्या टप्प्यात जातात. असं सब-मीटरचं, म्हणजे मालकाच्या मीटरवरून जोड घेतलेलं, घर थोडं स्वस्त मिळालं तरी मालकाकडून आधीची तीन बिलं मागून बघा.

आणि गावाहून वर्षाचं धान्य भरून आणू नका. मुंबईच्या दमट हवेत ज्वारी-गव्हाला श्रावणाआधीच पोरकिडे लागतात, आणि एवढ्याशा स्वयंपाकघरात पोती ठेवायला जागाही नसते. दोन-तीन महिन्यांपुरतं आणा, कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरवा. हळद, तिखट, काळा मसाला मात्र गावचाच वर्षभराचा आणावा, त्याला जागा कमी लागते आणि मुंबईत तो चांगला मिळाला तरी महाग पडतो.